बास गिटारवर तुझं नाव

दादा,

कालच्या कार्यक्रमात आपला जॅझ-फंक बँड ऐन रंगात आला आणि मी नेहमीसारखी गाता गाता वादकांची ओळख करून द्यायला लागले. ड्रम्स झाले, सॅक्सोफोन झाला. "आणि बास गिटारवर," म्हणाले नि तोंडून तुझंच नाव गेलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! तुझ्या जागी आलेला बिचारा तुझ्या नावावर कमरेत वाकला. मी चूक न सुधारता पुढचं कडवं उचललं.

तुझी बोटं थरथरायला लागली, तेव्हा तुला काढायचं मीच ठरवलं होतं रे. सांगायला मात्र मॅनेजरला पुढे केलं.

भरल्या हॉलमध्ये घेतलेलं ते नाव आता पाकिटावर लिहायला हात धजत नाही.

गळा शाबूत असलेली,
तुझी धाकटी