साहेब, तुमच्या कुत्रीचं पोट

साहेब, तुमची कुत्री मी मारली नव्हती. हे मला गेल्या महिन्यात कळलं. तुम्ही बदलून गेलात त्याला इतकी वर्षं झाली, पण सांगायला दुसरं माणूस नाही म्हणून लिहायला बसलो. बायको असती तर म्हणाली असती, कायले जुनं उकरता? तीही नाही आता. फुलचूरच्या या दोन खोल्यांत मी आणि एक तपकिरी कुत्रा, बस.

चोरखमाऱ्याकडच्या त्या ढोरांच्या दवाखान्यात तुम्ही डॉक्टर, मी मलमपट्टी करणारा ड्रेसर. तुमची पांढरी कुत्री आठ दिवस बरी, की पुन्हा ओकून राहिली, पुन्हा हगवण. जंताच्या गोळ्या झाल्या, दहीभात झाला. सलाईन लावलं की उठून शेपटी हलवायची आणि तुम्ही खूश. मग एक दिवस, म्हशी घेऊन आलेल्या लोकांसमोर तुम्ही कडाडलात, "हिला डब्यातलं कोण घालतं? तूच ना?"

"मी काऊन देईन जी, साहेब?"

 तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिची आण घेतली. खोटी. दुपारी दवाखाना रिकामा झाला की ती माझ्या डब्याजवळ येऊन बसायची, आणि बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, मासोळ्यांचा रस्सा-भात मी रोज तिला द्यायचो. पंधरा दिवसांत ती गेली. खड्डा तुम्ही स्वतः खणला, मला फावड्याला हात लावू दिला नाही. बदली झाली तेव्हाही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत. माझ्या खोट्या आणेनं ती मेली, हे मी आजवर खरंच मानत आलो, साहेब. कुणाला सांगितलं नाही.

आता माझ्या कुत्र्याचंही तेच सुरू झालं. खातो, ओकतो, वाळत जातो. म्हटलं, माझ्या हातालाच काहीतरी लागलेलं आहे. इथली डॉक्टरीण म्हणजे नातीच्या वयाची पोरगी. "काका, पेट का इलाज बहुत हुआ," म्हणाली, "मूत्रपिंडाच्या वर एक ग्रंथी असते, ती तपासू." एकदा रक्त घेतलं, सुई दिली, तासाभरानं पुन्हा घेतलं. ती ग्रंथीच काम करत नव्हती. त्रास सोसायला अंगाला जे लागतं ते तिथं बनतच नाही, म्हणे. काही कुत्र्यांत रक्तातले क्षार ठीक दिसतात, म्हणून सगळे पोटाचाच आजार धरतात, आणि सलाईननं चार दिवस बरं वाटतं. मी तुमच्या पांढरीचं सांगितलं. "असू शकतं काका, आता कसं सांगणार?" एवढंच म्हणाली. मला तेवढं पुरलं. तिथंच बाकावर बसून रडलो.

रोजची एक छोटी गोळी सुरू आहे. मधे एकदा ओकला म्हणून काल पुन्हा गेलो, तर तिनं विचारलं, "बाहेरचं काही देता का?" 'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. पण लपवलं तर पोट गोळी कमी पडल्यानं बिघडतं की माझ्या रश्श्यानं, हे तिला कळणार कसं?

"देतो बाई," म्हणालो. "माझ्याच ताटातलं. एकट्यानं जेवण जात नाही."

ती रागावली नाही, फक्त लिहून घेतलं. हे पत्र मी कुठं टाकणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे. तुम्ही समोर असता, तर 'मीच देत होतो' हे वाक्य आजही माझ्या तोंडून निघालं नसतं.