सात नंबरच्या बोटीचं बूच

तलाव, १४ मे, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही तिघंही मजेत असाल. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण आवाज ठणठणीत आहे.

यंदा गर्दी विचारू नकोस. काठावर तंबू ठोकायला जागा नाही. लोक निवांतपणा हवा म्हणून इथे येतात आणि अख्खं घर बरोबर आणतात. काल एकांनी इस्त्री आणली होती. तंबूत वीज का नाही म्हणून माझ्याशीच भांडले. पायाने चालवायच्या हंसाच्या बोटी घेतल्यात, पोरं त्यांच्यासाठी रांग लावतात. आपल्या वल्ह्यांच्या बोटींकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्या हंसांचे चेहरे बघून तुला हसू आवरलं नसतं.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो गर्दीमुळे, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. रोज लिहायला बसतो आणि हंसांपर्यंत येऊन थांबतो.

तू लिहिलंस, 'दादा, सहा वर्षं झाली, आता तरी माफ कर. बूच लावल्याचं मला आठवतं, पण तू म्हणतोस म्हणजे मीच विसरलो असेन.' आणि खाली लिहिलंस की छकुली पाच वर्षांची झाली, पाण्यात जायचा हट्ट धरते, पण तू तिला नेत नाहीस. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही, म्हणालास.

बारक्या, ती ओळ मी रोज पुन्हा वाचतो.

तर ऐक. संध्याकाळी बोटी काठावर ओढल्या की तळाची बुचं काढायची, पाणी निथळू द्यायचं, आणि सकाळी ती तू लावायची, ही आपली पद्धत. त्या सकाळीही तू सगळी लावलीस. मी पाहिलं होतं. मग सात नंबरच्या बोटीत फळीखाली थोडं पाणी राहिलेलं दिसलं, म्हणून मी बूच पुन्हा काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. तेवढ्यात एक बाई तंबू कोसळला म्हणून ओरडत आल्या, मी तिकडे धावलो. परत आलो तेव्हा तू त्या चौघांना बसवून बोट ढकलली होतीस. मी सांगितलंच नव्हतं, तर तू कशाला वाकून बघशील?

मधोमध जाईपर्यंत बोट भरली. त्या दोन पोरांना तूच पोहत जाऊन काठाला आणलंस, आईबापांना आपल्या माणसांनी. सगळे सुखरूप निघाले. तू ओलाचिंब, कुडकुडत उभा होतास, आणि मी भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत तुला म्हणालो, "लोकांचे जीव घेशील तू. पुन्हा माझ्या बोटीला हात लावायचा नाही." देवाशपथ, खिशातलं बूच मी पार विसरलो होतो. तेव्हा मला तुझीच चूक वाटत होती.

संध्याकाळी शर्ट भिजत घालताना तुझ्या वहिनीला ते सापडलं. "हे काय हो?" मी म्हटलं, "जुनं आहे." तिने शर्ट पुन्हा पाण्यात बुडवला. त्या दिवसापासून ती माझे खिसे तपासत नाही. मीच रिकामे करून कपडे देतो.

सकाळी तुला सांगायचं ठरवलं होतं, पण तू पहिल्या बसने गेला होतास. म्हटलं, येईल चार दिवसांत, तेव्हा सांगू. तू आला नाहीस. इकडे लोक म्हणायला लागले, मालक किती कडक, सख्ख्या भावालाही सोडलं नाही, इथे पोरंबाळं बिनधास्त पाठवावीत. त्या नावावर मी सहा वर्षं ताठ मानेने फिरलो. लाज वाटते रे. फार लाज वाटते.

आज सकाळी धक्क्यावर सगळ्यांना बोलावलं आणि सांगून टाकलं. तिकिटं देणाऱ्या बाई रडायला लागल्या. तंबूवाला म्हणाला, "मग इतकी वर्षं झोपला होतात का?" तुझी वहिनी लांबून ऐकत होती. घरी आल्यावर तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "आता पत्र पुरं करा."

माफी मी पत्रातून मागत नाही. रविवारी येतो, समोर उभा राहून मागेन. रविवार आपल्या धंद्याचा दिवस, पण राहू दे बंद. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी एका शब्दाने बोलणार नाही.

पण तोवर थांबू नकोस. हे वाचून झालं की ऊठ आणि छकुलीला घेऊन पाण्यात जा. माझा भाऊ कधीच काही विसरला नव्हता.

तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
तुझा दादा