अमेरिका पुण्याच्या अलीकडे

नांदेड, ६ ऑगस्ट

तीर्थरूप नागसेनमामांस सविनय जयभीम. मामींचा गुडघा आता कसा आहे? (फोनच केला असता, पण आमच्या घरात सगळे फोन स्पीकरवर घेतले जातात.) आधी घडलेलं क्रमाने देते.

१. १८ ऑगस्टला मी दोन वर्षांसाठी अमेरिकेला निघते.
२. तिकिटावर: हैदराबादहून सकाळी दहा, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी सात.
३. वजाबाकी करण्यात आली. नऊ तास.
४. बाबांनी परवानगी दिली.

तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतात, हे त्या वजाबाकीत आलं नाही. खरा प्रवास साडेएकवीस तासांचा. पण बाबांची एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकीत गेली. नांदेड-पुणे गाडीला अकरा तास लागतात (वेळेवर निघाली तर), म्हणून त्यांच्या हिशेबी "अमेरिका पुण्याच्या अलीकडंच हाय की." हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर माणिकप्पा यांनी अंतर शोधून काढलं, सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. बाबांनी सवयीने सहाने भागून टप्पे काढले (एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा): सव्वादोन हजार. माणिकप्पा म्हणाले, "नऊ तासांत? काय करून राहिला बे तो ड्रायव्हर?" बाबा म्हणाले, "वर गतिरोधक न्हाईत, माणिकप्पा." परतीच्या तिकिटावर साडेचौतीस तास दिसतात, तर म्हणे "येताना समदे थांबे घेत येत असंल."

इथवर हसता आलं असतं. पण २ सप्टेंबरला लातुरात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, दोनदा पुढे ढकललेलं. आई गेल्यापासून दवाखान्यात त्यांच्याजवळ बसायला मीच. या वेळी ते तयार झाले ते या नऊ तासांवर: "सकाळी फोन केला की रातच्या जेवणाला घरी हायस तू." खरं सांगितलं तर ते ऑपरेशन रद्द करतील. नाही सांगितलं तर खाटेवर पडून नऊ तास मोजतील. (हैदराबाद-लातूर रस्ता धरून मी तीस तास मोजले आहेत, तिकीट त्याच मिनिटाला मिळालं तर.) चार दिवस मला नीट जेवण जात नाही.

तुम्ही भूगोलाचे शिक्षक. या रविवारी शाळेतला पृथ्वीगोल घेऊन यावं आणि बाबांना रेखांश हळूहळू समजावून द्यावेत.

तुमची भाची,
बुद्धप्रिया

ता. क. मुद्दा ३ मधली वजाबाकी मी केली होती. बाबांनी फक्त तपासली.

ता. क. २. पृथ्वीगोल आणू नका. तुमच्यासाठी तिकिटाची झेरॉक्स काढायला कागद उलटला, तर मागे बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर: "जाता ९, येता ३४॥. दोन्ही फेऱ्या ४३॥. एका फेरीला पावणेबावीस." त्यांना माहीत आहे. आज सकाळीही ते गल्लीत नऊच सांगत होते.

तेव्हा विनंती एवढीच. २ सप्टेंबरला तुम्ही दिवसभर दवाखान्यात त्यांच्याजवळ थांबाल का? तुमच्या घरापासून तो बारा मिनिटांवर आहे. मी तपासलं आहे, जाता-येता दोन्ही. १४ ऑगस्टपर्यंत कळवावं.