मांडवात मिटलेली पापणी

हैद्राबाद, मार्च १९८७

तीर्थरूप धुरपताअक्काच्या पायांवर धाकट्या बन्सीधरचं डोकं. (डॉक्टरांनी डोकं वाकवायला मनाई केली आहे, म्हणून कागदावरच ठेवतो.) चुडाव्यात तू, दाजी, लेकरं, म्हशी सगळे खुशाल असाल असं धरून चालतो.

मी वालूर सोडून इथं कसा पोचलो, ते तुला उलटसुलट कळलं असेल. खरं असं झालं. चारठाण्याला व्यंकटरावांच्या मुलीच्या लग्नात, डोकं ठणकत असतानाही मी मांडवात बसलो होतो. ऐन अक्षतांच्या वेळेला उजवी पापणी आपोआप खाली आली. समोर वरमाय सुलाबाई उभ्या. त्यांना वाटलं, मी डोळा मारला. (मला दोन सुलाबाई दिसत होत्या, मारणार कोणाला?) तुझी भावजय दैवशाला घरी येईपर्यंत एवढंच बोलली, "वय काय तुमचं, अन् करायलाव काय." सकाळीही पापणी उघडेना, तेव्हा तीच घाबरली आणि मला परभणीला, तिथून इकडं घेऊन आली. सुलाबाईंनी आता माझ्या पापणीसाठी नारळ बोललाय म्हणे.

इथं नळीतून डोक्यात औषध सोडून फोटो काढला. औषध चढलं तसं अंग कोमट झालं आणि वाटलं, दुधनेच्या पाण्यात उताणा पडून मी वाहत चाललोय, काठावरच्या ज्वारीत कोणीतरी पाखरं हाकायलंय. फोटोत मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला हरभऱ्याएवढा फुगा निघाला. तोच पापणीची नस दाबायलाय. मी विचारलं, तुपानं झालं का? डॉक्टर म्हणाले, रक्तातली चरबी एकटी फिरत नाही, प्रथिनं तिला वाहून नेतात. काही आणून टाकतात, काही उचलून नेतात. नेणारी कमी पडली की वाहिनीची भिंत कमजोर होते का, याचा शोध अजून चालू आहे. तंबाखू मात्र आजच सोडा. तेव्हापासून डोळे मिटले की दिवस मावळताना कापसाची गाठोडी डोक्यावर घेतलेल्या बाया दिसतात. एक रांग येते, एक जाते, कोणी बोलत नाही. लय बरं वाटतं बघ.

सोमवारी कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला बारीक चिमटा लावणार आहेत. काळजी नसावी.

तुझा,
बन्सीधर

ता. क. – डॉक्टरांनी घरच्यांचं विचारलं. आई चुलीपुढं डोकं धरून बसली ती उठलीच नाही, हे सांगितलं. संक्रांतीला तूही डोळ्यामागं ठणका म्हणत होतीस, तेही सांगितलं. ते म्हणाले, बहिणीला आणा, तपासू. पत्र त्यासाठीच लिहिलं. दाजींना सांग, भावाला बघायला चालले.

पुन्हा ता. क. – दैवशाला शेजारी बसून वाचायलीय. म्हणते, "अक्काचं नाव कशाला घेता? तुमी भ्यालाव, म्हणून बोलवायलाव." तेही खरं आहे. निघ.