मालक क्रमांक तीन यांची हरकत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
जुनी वाहने शाखा,
दुसरा मजला, खोली क्र. ७

विषय : जुन्या काळ्या मोटारीसाठी दिलेले ना-हरकत पत्र परत घेण्याबाबत व मालक क्र. ३ यांच्या नावापुढे शेरा लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र. २) अर्जदाराने अर्जदारास दिलेले ना-हरकत पत्र.

महोदय,

अर्जदार मोटारींचे पत्रे ठोकण्याचे काम करतो. गेले सात महिने एकाच जुन्यापुराण्या मोटारीच्या कागदांसाठी खेटे घालत असल्याने आपल्या कार्यालयात त्यास ‘म्हातारीवाला’ म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढीलप्रमाणे आहे.

१. सदर मोटार अर्जदाराने नऊ वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडून घेतली, तेव्हा तिचा निव्वळ सांगाडा उरला होता. घेण्याचे कारण एवढेच की ती कारखान्याच्या मालकांची मोटार होती आणि अर्जदाराचे वडील त्या मालकांकडे ड्रायव्हर होते. लहानपणी अर्जदारास तिच्या मागच्या सीटवर एकदाच बसायला मिळाले, तेही वडिलांचे काचा पुसून होईपर्यंत, आणि “कशाला हात लावू नकोस, गाडी आपली नाही” या अटीवर. गिऱ्हाइकांची कामे उरकून अर्जदाराने नऊ वर्षे तिचा एकेक पत्रा सरळ केला. त्याच सीटवर आईला बसवून एक फेरी मारावी, एवढीच हौस होती.

२. नोंदणीच्या वेळी आपल्या कार्यालयाने त्रुटी काढली की मालक क्र. ३ यांचे ना-हरकत पत्र जोडलेले नाही. हे कोण, असे विचारता लिपिकसाहेबांनी रजिस्टर फिरवून दाखवले. तेथे अर्जदाराच्या वडिलांचे नाव होते. जन्मभर गाडी पुसणारा माणूस कागदावर का होईना तिचा मालक होता, या विचाराने अर्जदार खिडकीसमोर उभा राहून हसला, हे नमूद करताना आज लाज वाटते. वडील वारून बावीस वर्षे झाल्याचे सांगताच लिपिकसाहेब म्हणाले, “मग वारसाचं चालेल. वारस तुम्हीच ना? द्या लिहून.” त्यानुसार अर्जदाराने अर्जदारास “माझी कसलीही हरकत नाही” असे लिहून दिले व त्यावर गोल शिक्का बसला.

३. ही आनंदाची बातमी अर्जदाराने घरी जाऊन आईस सांगितली. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती भाजी निवडत होती, ती तिने पुरी निवडली. मग म्हणाली, “तू चौथीत होतास तेव्हा ते बाहेरगावी कामाला गेले नव्हते रे. तुरुंगात होते.”

४. आईच्या सांगण्यानुसार हकीकत अशी. २३ सप्टेंबर रोजी मालकांचे चिरंजीव मोटार चालवत होते आणि वडील शेजारी बसले होते. मोटारीखाली एक सायकलस्वार मास्तर गेले. वडिलांचा उजवा हात मनगटात मोडला. चार दिवसांनी मालक स्वतः आमच्या खोलीवर आले, जे पूर्वी कधी घडले नव्हते, आणि वडिलांपुढे कागद ठेवला. मोटार वडिलांची झाली, चालवणारेही वडील ठरले आणि मालकांच्या घरातल्या कुणालाही कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. वडिलांनी चौदा महिने भोगले. सुटून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोटार मालकीणबाईंच्या नावावर चढली. त्या मालक क्र. ४. वडील असे का वागले, यावर आई एवढेच म्हणाली, “मालकांच्या गॅरेजमागची ती खोली आपल्याकडे कशी राहिली, असं वाटतं तुला?” अर्जदार त्याच खोलीत लहानाचा मोठा झाला.

५. आपल्या रजिस्टरात हे हस्तांतर १५ सप्टेंबरचे, म्हणजे अपघाताच्या आठ दिवस आधीचे, आणि ‘स्वखुशीने’ झालेले आहे. परंतु त्याखालची सही डाव्या हाताची आहे. पुरावा म्हणून अर्जदाराचे चौथीचे प्रगतिपुस्तक जोडले आहे. त्यात ऑगस्टच्या चाचणीखाली वडिलांची उजव्या हाताची सरळ सही आहे. ऑक्टोबरच्या सहामाहीखाली डाव्या हाताची, पडक्या कुंपणासारखी कललेली सही आहे. वार्षिक परीक्षेखाली आईची आहे. धडधाकट माणूस १५ तारखेला डाव्या हाताने सही का करील, असे विचारता लिपिकसाहेब उत्तरले, “अहो, सही ती सही. रजिस्टरात हाताचा रकाना नाही.”

६. आणखी एक पुरावा होता. डाव्या दिव्याखालच्या मडगार्डवर जुन्या रंगाखाली पुट्टी भरून दडवलेला खोल पोचा अर्जदारास सापडला होता. तो अर्जदाराने स्वतःच्या हाताने, शीळ घालत, दोन तासांत ठोकून सपाट केला. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले की आता शोधून दाखवा, खूण तरी सापडते का. ती आता खरोखरच सापडत नाही. या कामात अर्जदाराचा हात धरणारा कोणी नाही.

७. वडिलांचे नाव रजिस्टरातून काढावे, ही तोंडी विनंती आपण फेटाळली. एक मालक वगळला तर साखळी तुटते व मोटार फक्त भंगारात काढता येते, असे आपण समजावून सांगितले. अर्जदारास ते मान्य आहे. मोटार भंगारात काढावी. तोडायला माणूस लागल्यास अर्जदार येईल, त्याला तिचा प्रत्येक जोड ठाऊक आहे.

८. सबब, संदर्भ क्र. २ चे पत्र रद्द समजावे. मालक क्र. ३ यांची हरकत आहे. ती त्यांना जिवंतपणी घेता आली नाही, म्हणून त्यांचा वारस या नात्याने मी घेत आहे. माझी हरकत आहे.

नाव काढणे नियमात बसतच नसेल, तर निदान शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे तीन शब्द लिहावेत. जागा पुरेल, मी मोजून पाहिली आहे. ‘शेजारी बसले होते.’

आपला नम्र व यापुढे मालक नसलेला,
अर्जदार
(सही उजव्या हाताची आहे.)

दिनांक : १४ जून

सोबत :
१) प्रगतिपुस्तक, इयत्ता चौथी (मूळ प्रत. पाहून परत मिळावी, आईने मागितली आहे.)
२) ना-हरकत पत्र, शिक्क्यासह, फाडलेले
३) मोटारीची किल्ली