महादेवाच्या सांडाचा चार्ज

प्रिय दुलीचंद,

परवा सकाळी आंघोळ-पूजा आटोपून मी थेट कोंडवाड्यात गेलो आणि सांडाला तणस टाकली. हसू नकोस. त्याला रोज चारा घालणाऱ्या गोदाबाईला साहेबांनी बोलावलं होतं, मग त्याला उपाशी कोण ठेवील?

तालुक्याचा कारभार पाहणारी आपली जनपद सभा मोडल्याचं तुला ठाऊकच आहे. मास्तर, कंपाउंडर, चपराशी, सगळ्यांना नव्या जागांचे हुकूम मिळाले, आणि ते मीच वाटले. टेबलं-कपाटंही बैलगाडीत बसून गेली. राहिला हा सांड. महादेवाच्या नावानं सोडलेला, त्यामुळे लिलावात वारासिवनीचे व्यापारी लांबूनच हात जोडून परतले. आणि राहिली गोदाबाई. नवरा वारल्यावर कोंडवाड्याची चौकीदारी तिनंच सांभाळली. आता कोंडवाडाच बंद, म्हणून तिला जागा नाही. ती मला म्हणाली, "बडे बाबू, टेबलाले जागा भेटली, मले काहून नाही? मले चार पाय नाहीत म्हणून?" मी हसलो खरा, पण त्या दुपारी भाकर गोड लागली नाही.

आपल्या गावचा भंडारा आठवतो? आपण दोघं वाढायला असायचो. तू एकदा पंगत उठायच्या आधीच लाडू तोंडात टाकलास, तर पुजाऱ्यानं तुला साऱ्या पत्रावळी उचलायला लावल्या. वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं, हे मी तेव्हाच शिकलो. तू लाडू खाऊन काय शिकलास, देव जाणे!

म्हणून मी चार्जच्या कागदावर सही केली नाही. सांड द्यायचा तर सांभाळणारीसकट, असा हट्ट धरला. चार्ज घ्यायला आलेले साहेब चिडले, "तो छोड़ दो सांड को!" तेवढ्यात कास्तकार जमले, "साहेब, धान उभा हाये. सोडसान तं तुमच्या बंगल्यात सोडा." साहेब स्वतः सोमवार करतात. दोर कापवेना, चार्ज घेववेना. असे किती आठवडे गेले! शेवटी तेच हसले, "आप दोनों से तो यह सांड सीधा है." परवा गोदाबाईला गुरांच्या दवाखान्यात जागा मिळाली, आधीची सारी नोकरी धरून. ती हुकूम पदरात बांधून आली आणि सांडाला म्हणाली, "चाल बाप्पा, तुहीबी बदली झाली." तो निघाला तिच्या मागोमाग. पंगत उठली, मग मी सही केली.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तू खटपट करून बालाघाटची खुर्ची माझ्यासाठी मिळवलीस, लवकर येऊन बस म्हणून दोनदा कळवलंस. वहिनींनी शेजारची खोली सारवून ठेवली. संध्याकाळी ओट्यावर बसून आपण दोघं म्हातारे होणार होतो. पण ती खुर्ची माझ्यासाठी इतके दिवस थांबली नाही, दुसऱ्याला गेली. साहेबांनी तसं बजावलं होतं, तरी मी सही केली नाही. वहिनींना सांग, खोली कुणा गरजूला द्या. रागावलास तर इकडे येऊनच रागाव, लाडू ठेवतो. काल बसनं लांजीला आलो आणि इथल्या कचेरीत उरलेल्या जागेवर हजर झालो.

तुझाच, पंगतीत मागे राहिलेला,
चैतराम