मामांच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग

नांदेड,
रविवार, दुपारी

तीर्थरूप सटवाजीमामांना विशाखाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? भोकरच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून मामी म्हणाल्या. चालता की नुसते पारापर्यंत जाऊन बसता? मामींनी पाठवलेली तुरीची डाळ पोचली. आम्ही सगळे बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि मग निम्मी गल्ली माझ्याशी बोलते. शिवाय मी मुद्द्याचं काही सांगायला लागले की तुम्ही “जेवलीस का?” म्हणून विचारता, आणि माझं धाडस तिथंच संपतं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

तर झालं असं. आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात डिझाइन करणारा नरसिंग दिवाळीनंतर लातूरला गेला आणि स्वतःचं दुकान टाकून बसला. (माणूस चांगला. जाताना कॉम्प्युटरचा पासवर्ड लिहून देऊन गेला. त्याचं अक्षर आम्हाला महिनाभर लागलं नाही, हा त्याचा एकट्याचा दोष म्हणता येणार नाही.) दुसरा माणूस मिळेना, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मीच ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. तीन महिने शिकायचं, शेवटी एक चित्र काढून पाठवायचं, मग सर्टिफिकेट. शिकवणारे सर दिसत नाहीत. त्यांचा आवाज येतो आणि पडद्यावर एक बाण फिरतो. मी सुरुवातीला त्या बाणाला नमस्कार करत असे.

या कामात ब्रशनं रंगवत नाहीत. पडद्यावर बिंदू ठोकायचे आणि त्यांच्यावर रेघ ताणायची, अंगणात खुंट्या ठोकून दोरी बांधावी तशी. फायदा असा की तेच चित्र पत्रिकेवर नखाएवढं छापा नाही तर चौकातल्या फ्लेक्सवर घराएवढं, रेघ फाटत नाही. बिंदू जितके कमी तितका हात तयार, असं सर म्हणतात. माझ्या पहिल्या आंब्याला एकशे चौदा बिंदू लागले. दयानंद माझ्यामागं येऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “वांगं चांगलं जमलंय.” पत्रिका छापायला देगलूरहून आलेल्या गिऱ्हाइकानं तुमच्या जावयांना दुरुस्त केलं, “वांगं कुठं हो मालक, बटाटा हाय त्यो.” मी डायरीत दोन्ही मतं लिहून ठेवली. मनापासून विचार केला तर दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं.

शेवटच्या चित्रासाठी मी माणसाचा चेहरा घ्यायचं ठरवलं. मामा, मी तुमचा घेतला, न विचारता. तुमच्या हरिओमच्या साखरपुड्यातला, फेटा बांधलेला, मामी व्हॉट्सॲपला लावतात तो फोटो. खऱ्या माणसाचं चित्र असेल तर त्याची लेखी परवानगी हवी, असा कोर्सचा नियम आहे. तिथल्या चौकोनात मी “घेतली आहे” अशी खूण केली आणि त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. (दुसऱ्या दिवशी थोडं गेलं. सृष्टी विष्णुपुरीच्या होस्टेलवरून आली होती आणि तिच्यासाठी पिठलं केलं होतं.)

चेहरा काढायची सरांची एक युक्ती आहे. अर्धाच काढायचा, तो उलटवायचा आणि जोडायचा. निम्मे कष्ट वाचतात. मी आधी तुमचा डावा अर्धा घेतला. तुमच्या डाव्या भुवईवर बैलाचं शिंग लागल्याची खूण आहे, ती दोन्हीकडं आली. भुवया वर चढल्या आणि तुम्ही पंचनाम्याला निघाल्यासारखे दिसायला लागलात. दयानंद म्हणाले, “हे मामा हायेत का तलाठी?”

म्हणून मग उजवा अर्धा घेतला. चित्रात एकावर एक थर असतात, पारदर्शक कागद ठेवल्यासारखे: खाली चेहरा, त्यावर मिशी, त्यावर फेटा. कान नीट करायचे म्हणून मी फेट्याचा थर झाकला. मग मिशीचा झाकला. नाकाखाली कोरी जागा राहिली, कारण मिशीच्या आत काय आहे ते मी काढलंच नव्हतं. तरीही पडद्यावरून माझ्याकडं बघत होती ती आई होती.

मामा, आईचे फोटो तीनच आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. जत्रेतल्या फोटोत पदर. तिसरा तुमच्या लग्नातला. त्यात चेहरा समोर आहे, पण हललेला, नुसता पांढरा फराटा. तो का हलला हे मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. फोटोवाल्यानं “हलू नका” म्हटलं तेव्हाच मी तिचं बोट सोडून जिलबीच्या परातीकडं पळाले आणि ती माझ्याकडं वळली. मी पाच वर्षांची होते. त्यानंतर सहा वर्षांनी ती गेली, आणि आता तिचा चेहरा आठवायला लागले की मला तो फराटाच आठवतो.

म्हणून चित्र बघून मला आनंद झाला की भीती वाटली हे अजून कळत नाही. (डायरीत “आनंद” लिहून खोडलंय.) मी ओठ पुरा केला, वर केस काढले आणि काही न सांगता घरात दाखवलं. दयानंदांनी आईला पाहिलेलं नाही. ते एकदम गंभीर होऊन म्हणाले, “मामांनी मिशी काढली? कोण गेलं?” सृष्टीनं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, “मम्मी, ही तर तूच हायस की.” तेव्हापासून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. वडील, आपले दादा, असते तर त्यांना विचारलं असतं. मामींनी आईला थोडी वर्षं पाहिलं, तेही नणंद म्हणून, मान खाली घालून. तिच्या कडेवर वाढलेले तुम्ही एकटेच राहिलात.

तर सोबतच्या परवानगीच्या कागदावर सही करून पाठवा, एवढंच काम आहे. मामींना नमस्कार, हरिओमला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमच्या बहिणीची मुलगी,
विशाखा

ताजा कलम: एवढंच काम आहे, हे खोटं आहे. परवानगीची आता गरजच नाही. ती खूण मी पुसली आणि तुमच्या चेहऱ्याऐवजी तांब्याचं चित्र पाठवलं. (तांब्याच्या दोन्ही बाजू खरोखरच सारख्या असतात.) सर्टिफिकेट गुरुवारीच आलं. नाव “विशाका” छापलंय, ते असू दे.

आणखी एक: चित्रातला ओठ मी आरशात बघून काढला. दुसरा कुठला आणणार? म्हणून सृष्टीला तिथं मी दिसले. खरा ओठ तुमच्या मिशीखाली आहे. मामा, एकदाच मिशी काढून हरिओमकडून फोटो काढून पाठवाल का? आपल्याकडं घरात कुणी गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत, मामी रडतील, पारावर लोक भेटायला येतील, हे सगळं मला कळतं. हरिओमच्या लग्नाला दोन महिने आहेत, तोवर ती पुन्हा येईल.

हे शेवटचं: पत्र दयानंदांनी वाचलं. म्हणाले, “वरबापाला मिशी काढ म्हणतेस? येडी झालीस का?” खरं आहे. मामा, मिशी काढू नका. सोबत चित्राची छापील प्रत आणि पेन्सिल ठेवते. ओठाची जागा कोरी सोडली आहे. ती आई असेल तर तिचा ओठ तुम्ही काढा. नसेल तर कागद तसाच परत पाठवा, मी समजून घेईन. हात थरथरला म्हणून थांबू नका. ती रेघ मी कॉम्प्युटरवर सरळ करणार नाही.